सोमवारचा ठिपका

माझ्या भावजींना त्यांच्या खात्यात सगळे ‘नॉर्मलसाहेब’ म्हणत. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चहा गाळत होती. तिला इतकं हसू आलं की अर्धा चहा कपात आणि अर्धा ओट्यावर गेला.

“ह्यांना नॉर्मल म्हणतात? मग तिथे बाकीचे कसे असतील रे?”

भावजी मात्र ती पदवी छातीवर बिल्ला लावल्यासारखी मिरवायचे. कारण ती त्यांना उगाच मिळाली नव्हती. कॉलेजच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, नजरेवर संशोधन करणारा एक छोटासा विभाग होता, आणि तिथे भावजी सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होते. तिथल्या प्रत्येक आलेखावर रुग्णांच्या रंगीत रेघा असत, आणि त्या सगळ्यांच्या वर एक ठळक काळी रेघ. तिच्यापुढे लिहिलेलं असे ‘नॉर्मल’. ती रेघ भावजींच्या डोळ्याची होती. निरोगी नजर कशी असते, हे त्या विभागात भावजींकडे बघून ठरायचं.

माणसं ते डोळ्यांवरूनच ओळखायचे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी बघायला तेही आले होते. घरी परतल्यावर आईने विचारलं, “कशी वाटली हो मुलगी?” भावजी विचार करून म्हणाले, “डावा डोळा किंचित आळशी आहे, पण चष्म्याने निभेल.” माझ्या बायकोला हे नंतर कोणीतरी सांगितलं. बावीस वर्षं झाली, ती अजून त्यांना चहा देताना कप जरा जोरात ठेवते.

तर हे असे भावजी. आणि मी जे सांगतोय ते त्यांच्या डोळ्यांबद्दल आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कोणाची फसगत व्हायला नको. त्या दोन वर्षांत भावजींचे डोळे जात होते. हळूहळू, न दुखता, कडेकडेने. आणि ज्या विभागात नजर मोजण्यापलीकडे दुसरं काही होत नव्हतं, तिथे ते कोणाच्याही लक्षात आलं नाही. घरात आमच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही हसत होतो.

त्यांची खोली बिनखिडकीची होती, भिंतींना काळा रंग, दाराला काळा पडदा. मध्ये ते यंत्र. सगळे त्याला ‘घुमट’ म्हणत. मोठं कलिंगड अर्धं कापून, आतून पोखरून, पांढरा रंग देऊन उभं करावं तसं दिसायचं. समोर स्टूल, हनुवटी टेकायला एक पट्टी, आणि हातात एक बटण. एका डोळ्यावर पट्टी बांधायची आणि दुसऱ्या डोळ्याने मधल्या लाल खुणेकडे बघत राहायचं. मग घुमटात कुठेतरी, कधी वर, कधी खाली, कधी अगदी कडेला, प्रकाशाचा बारीक ठिपका चमकायचा. दिसला की बटण दाबायचं. अशाने माणसाला समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते कळतं. काचबिंदू नावाचा आजार आधी हे आजूबाजूचंच खातो. समोरचं अगदी शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही.

यंत्र तिथल्याच जुन्या सरांनी स्वतः जोडून बनवलेलं. आतला दांडा सरकताना ‘घर्र’ वाजायचं, झडप उघडताना ‘टक्’ व्हायचं आणि ठिपका पडायचा. घर्र, टक्, ठिपका. घर्र, टक्, ठिपका. लोकांनी लबाडी करू नये म्हणून मध्येच एखादा नुसता टक् व्हायचा, ठिपक्याशिवाय. त्यावर कोणी बटण दाबलं की भावजी लगेच ओरडायचे, “अंदाजाने दाबायचं नाही! ही काही परीक्षा नाही, आणि मी काही मास्तर नाही. दिसलं तर दाबा, नाही दिसलं तर गप्प बसा.” हे ते इतकं मास्तरासारखं म्हणायचे की चांगले पन्नाशीचे लोक चड्डीतल्या मुलासारखे ताठ बसत.

यंत्राची एक खोड होती. त्यातला बल्ब जुना होत गेला की ठिपका मंद व्हायचा. म्हणून दर सोमवारी सकाळी एक गोल बटण थोडं फिरवून ठिपका परत जागेवर आणावा लागे. त्यासाठी उजेड मोजायचं मीटर होतं. ते सात वर्षांपूर्वी बिघडलं आणि दुरुस्तीला गेलं. ते गेलंच. पण कोणाचं अडलं नाही, कारण मीटर होतं तेव्हाही भावजी सोमवारी आधी स्वतःच्या डोळ्याने ठिपका लावायचे आणि मग मीटरने तपासायचे, आणि दोन्ही आकडे चार वर्षं एकदाही वेगळे आले नव्हते. जुने सर म्हणाले होते, “मीटर चुकलं तर ह्यांना विचारत जा.”

तेव्हापासून रीतच पडली. सोमवारी नऊ वाजता भावजी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून घुमटात बसणार, वरच्या बाजूचा एक ठराविक ठिपका जेमतेम दिसू लागेपर्यंत बटण फिरवणार, आणि आकडा नोंदवहीत लिहिणार. नवा बल्ब असला की चाळीस. जुना होत जाईल तसा पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, बावन्न. मग बल्ब बदलायचा, की परत चाळीस. भावजींच्या डोळ्याला जो ठिपका जेमतेम दिसतो तोच ठिपका मग आठवडाभर साठ-सत्तर लोकांना दाखवला जायचा.

आता यात काय होऊ शकतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

एका सोमवारी नवा बल्ब घातला आणि आकडा चाळीसवर आला नाही. चव्वेचाळीस. भावजींनी नोंदवहीत ‘४४’ लिहिलं आणि पुढे शेरा मारला, ‘बल्ब हलका’. पुढचा नवा बल्ब एकोणपन्नास. शेरा, ‘फारच हलका’. त्याच्या पुढचा पंचावन्न. त्या रविवारी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी हलक्या बल्बांवर पाऊण तास भाषण केलं. हल्लीचे कारखानदार, हल्लीची तार, हल्लीची काच, माणसांना लाजलज्जा राहिली नाही वगैरे. आमटी वाढायला माझी बायको त्यांच्या डाव्या बाजूला पळी घेऊन उभी होती. ती उभीच राहिली. शेवटी तिने पळी ताटावर वाजवली.

“अगं, तू कधी आलीस?”

“बावीस वर्षं झाली,” बायको म्हणाली.

आम्ही सगळे खो खो हसलो. भावजीही हसले.

घरी ताईची तक्रार वेगळी होती. “हल्ली ह्यांना गर्व झालाय. जिन्यात शेजारीण समोरून नमस्कार करते, हे सरळ निघून जातात. काल मी शेजारी उभी राहून बोलतेय आणि हे मला शोधायला स्वयंपाकघरात!”

“अगं, विचारात होतो.”

“कसल्या विचारात? बल्बाच्या?”

दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागायची. स्टुलावर पाय आपटायचा. दर खेपेला दोष चौकटीचा किंवा स्टुलाचा. ताई म्हणायची, “धांदरट झालात.” मी म्हणायचो, “भावजी, हॉर्न वाजवत चला.” डोळ्यांवर कोणाचाच संशय नव्हता, कारण त्यांच्या राहत्या इमारतीतल्या सगळ्या बायका सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडेच यायच्या. दोरा जिभेवर ओला करून ते एका फटक्यात आरपार घालायचे आणि सुई अशी परत द्यायचे की जणू बक्षीस वाटताहेत. समोरचं त्यांना सगळं दिसत होतं. काचबिंदू समोरचं शाबूत ठेवतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्याच दोन वर्षांत विभागात एक मोठा अभ्यास चालू होता. तो मॅडमचा. मॅडम म्हणजे विभागप्रमुख, चाळिशीच्या, बोलायला तुटक पण मनाने सरळ. त्या तिथे शिकायला आल्या तेव्हा घुमटात पहिल्यांदा बसवलं ते भावजींनी, म्हणून त्या त्यांना ‘काका’ म्हणत. काचबिंदूची नुकती सुरुवात झालेले लोक त्यांनी गोळा केले होते. निम्म्यांना डोळ्यात घालायला नवे थेंब, निम्म्यांना तशाच बाटलीतून साधे थेंब, आणि कोणाला कोणते ते शेवटपर्यंत कोणालाच माहीत नाही. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना घुमटात बसवायचं आणि नजर किती घटली ते बघायचं. शिवाय तुलनेला काही निरोगी माणसं हवी होती. भावजींनी घरातूनच भरती केली.

“मेहुणे, तू ये. तू कशालाच उपयोगाचा नाहीस, तेवढं तरी कर.”

मी छापखान्यात प्रुफं तपासतो, तेव्हा डोळ्यांचा उपयोग मला नवा नव्हता. पण गेलो. आणि काय सांगू, मी सुधारत गेलो! पहिल्या खेपेला माझा आलेख ठीकठाक आला. सहा महिन्यांनी चांगला. वर्षाने उत्तम. मी बायकोला म्हणालो, “माणसाचे डोळे पन्नाशीनंतर जातात, माझे येताहेत.” तेव्हा मी हॉटेलातलं दरपत्रक हात लांब करकरून वाचत होतो, पण तेवढ्याने कुठल्याही शहाण्या माणसाने आनंद सोडू नये.

तिथे माझी एका शाळेच्या बसच्या ड्रायव्हरशी ओळख झाली. जाड मिशा, गडगडाटी हसू, खिशात कायम एक फणी. त्याला काचबिंदूची सुरुवात होती, डोळ्यांच्या दवाखान्याने त्याला इकडे पाठवलं होतं. दर खेपेला घुमटातून बाहेर आला की तो भावजींसमोर दोन्ही हात जोडायचा.

“काय नॉर्मलसाहेब, गाडी ठेवू का विकू?”

भावजी कागद उजेडाला धरून बघायचे. “मागच्यापेक्षा चांगलं आहे. खुशाल चालवा.”

“पोरांच्या आया तुम्हाला दुवा देतील.”

“आधी फणी आत ठेवा, मग पट्टी काढा. डोळ्यात जाईल.”

शेवटच्या खेपेला तो निघाला तेव्हा दारात भावजींचा खांदा त्याच्या खांद्यावर आदळला. दोघंही एकाच वेळी म्हणाले, “अरे, दिसलाच नाहीत!” आणि दोघंही हसले. मी बाकावर माझ्या पाळीची वाट बघत बसलो होतो. मीही हसलो.

अभ्यास संपला त्या दिवशी मॅडमनी केक मागवला होता. कोणाला कोणते थेंब होते ती यादी त्या सकाळी उघडली होती. नव्या थेंबांच्या लोकांची नजर घटायची थांबली होती, इतकंच नाही, चक्क वाढली होती. असं जगात कुठे झालं नव्हतं. मॅडम कोणाशी फोनवर बोलताना उभ्या राहून बोलत होत्या, इतका आनंद. मी सहज दुपारी भावजींना न्यायला गेलो होतो, मलाही बशीत तुकडा मिळाला.

“आणि साध्या थेंबांचे लोक?” भावजींनी विचारलं.

“तेही थोडे सुधारले. होतं तसं कधीकधी, मनाचा परिणाम,” मॅडम म्हणाल्या. पण कपाळावर एक बारीक आठी होती.

आणि इथे मी विनोद केला. माझा स्वभावच तसा, चार माणसं आणि केक दिसला की राहवत नाही. मी म्हणालो, “मॅडम, मला तर नवे नाहीत की साधे नाहीत, एकही थेंब घातला नाही तुम्ही. तरी मी सगळ्यांत जास्त सुधारलो! माझ्या आसवांचंच औषध काढा.”

सगळे हसले. मॅडमही हसायला लागल्या, आणि मध्येच थांबल्या. हातातली बशी त्यांनी टेबलावर ठेवली.

“काका, सोमवारची नोंदवही द्या जरा.”

भावजींनी ती मोठ्या अभिमानाने आणली. मॅडम उभ्याउभ्या पानं उलटत गेल्या. चाळीस. चव्वेचाळीस. एकोणपन्नास. पंचावन्न. बल्ब हलका. फारच हलका. अत्यंत हलका, कारखान्याला पत्र लिहावे.

“आज आकडा किती आहे?”

“अठ्ठावन्न.”

“बल्ब कधी बदलला?”

“गेल्या सोमवारी. सांगतो ना तुम्हाला, हे हल्लीचे...”

मॅडम तडक खाली गेल्या. पदार्थविज्ञानाच्या लोकांकडे उजेड मोजायचं मीटर होतं, ते घेऊन वीस मिनिटांनी आल्या. आम्ही काळ्या खोलीत गेलो. मॅडमनी मीटर घुमटात धरलं, तबकडीवरचा आकडा वाचला, पुसलं, परत धरलं. मग स्वतः बटण उलटं फिरवत गेल्या, आणि मीटरचा काटा जिथे असायला हवा तिथे आला तेव्हा बटण एकेचाळीसवर होतं.

बल्ब उत्तम होता.

“दुपटीहून जास्त उजेड,” मॅडम हळू म्हणाल्या. “आपण सगळ्यांना दुपटीहून मोठा दिवा दाखवत होतो. म्हणून सगळे सुधारले.”

“मीटर बघू,” भावजी म्हणाले. त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. “गाढव आहे हे. कुठल्या जमान्यातलं कोण जाणे.”

“काका, हे त्यांनी मागच्या महिन्यात नवं घेतलंय.”

“मग माझा डोळा बघा. बघाच! गेल्या वर्षीचा माझा आलेख फायलीत आहे, स्वच्छ. एक डाग नाही.”

“बसा,” मॅडम म्हणाल्या.

भावजी स्टुलावर बसले. हनुवटी टेकवली, पट्टी स्वतःच बांधली, बटण मुठीत धरलं. सव्वीस वर्षं लोकांना बसवणारा माणूस बसला तर कसा बसेल तसे, अगदी चित्रासारखे. मॅडमनी दिवा मीटरप्रमाणे लावला आणि यंत्र सुरू केलं.

घर्र, टक्. खट्. घर्र, टक्. खट्. भावजींचं बटण घड्याळासारखं वाजत होतं. मध्ये एक नुसता टक् आला, तेव्हा ते थांबले. पुढच्याला परत खट्. माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही डोळे झाले, कागद बाहेर आला. जवळजवळ स्वच्छ. भावजी पट्टी काढून माझ्याकडे बघून हसले, “काय मेहुणे? सांगत नव्हतो?”

मॅडम मात्र हसल्या नाहीत. कागद हातात धरून त्या म्हणाल्या, “डोळा ठीक आहे, मीटरही ठीक आहे. मग दिवा कोणी वाढवला, काका?”

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. भावजींना लगेच कळला. त्यांचं तोंड आधी लाल झालं आणि मग हळूहळू त्यातलं रक्त उतरलं.

“म्हणजे मी मुद्दाम? तुमचे थेंब चांगले दिसावेत म्हणून?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“पण दुसरं काय उरतं?”

“तेच मी विचारतेय.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भावजींनी हाताने गप्प बसवलं. ते परत स्टुलावर बसले, आणि बराच वेळ त्या पांढऱ्या घुमटाकडे बघत राहिले. मला वाटलं रागावलेत. पण ते आठवत होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “वरच्या डावीकडचा एक ठिपका. मी दाबलं. पण मला तो दिसला का? दाबल्याचं आठवतंय. दिसल्याचं आठवत नाही.”

मॅडमनी कागद परत उजेडाला धरला.

मला एकदम माझी प्रुफं आठवली. एखादं पान पाठ झालं की त्यातली चूक दिसत नाही, तिथे जे असायला हवं तेच डोळा वाचतो. म्हणून आमच्याकडे तिसरं प्रुफ दुसऱ्याला देतात. ह्या माणसाने हे पान सव्वीस वर्षं वाचलं होतं.

“कापूस आहे का?” भावजींनी विचारलं.

“कशाला?”

“कानात घालायला. टक् ऐकून अंगठा दाबतो माझा. सोमवारी बटण हळूहळू फिरवायचं असतं, तिथे टक् नसतो, तिथे मी खरं सांगत होतो. इथे खोटं सांगतो.” मग जरा थांबून, “आणि क्रम उलटा लावा. नुसता टक् कुठे येतो ते ह्या अंगठ्याला पाठ आहे.”

मॅडमनी कापूस आणला. भावजींनी दोन्ही कानांत तो ठासून भरला, वरून एक जाड रुमाल डोक्याभोवती बांधून घेतला. दुसऱ्या वेळी कोणी तसं दिसलं असतं तर मी महिनाभर पुरवून हसलो असतो. मॅडमनी क्रम उलटा लावला आणि सुरू केलं.

घर्र, टक्.

घर्र, टक्.

घर्र, टक्. मी मनात मोजू लागलो. घुमटाच्या वरच्या कडेला ठिपके पडत होते, मला बाजूला उभं राहून दिसत होते. चार. पाच. भावजींचा अंगठा बटणावर हलका टेकलेला, तयार, एखाद्या चांगल्या विद्यार्थ्यासारखा. सहा. सात. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नऊ. दहा. अकरा.

कान बंद असलेली माणसं बोलतात तसं भावजी मोठ्याने म्हणाले, “सुरू केलं का?”

मॅडमनी उत्तर दिलं नाही. द्यायचंही नसतं, चाचणी चालू असताना. यंत्र चालू राहिलं. पुढे मधल्या भागात अंगठा हलला, खट्, खट्, खट्, आणि प्रत्येक खट् ऐकून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. मग परत कडेला गेलं आणि परत शांत. डाव्या डोळ्याचं तर मी मोजणंच सोडून दिलं.

कागद आला. मॅडमनी तो उलटा ठेवला होता, भावजींनीच सरळ केला. वरचा अर्धा भाग काळा, डावी कड काळी, मध्ये पांढरं गोल राहिलेलं, बशीएवढं. भावजींनी रुमाल सोडला, कापूस काढला आणि ज्या आवाजात हजारो लोकांचे कागद वाचले त्याच आवाजात वाचू लागले.

“दोन्ही डोळे. डावा जास्त. जुनं आहे, तीन-चार वर्षांचं तरी. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल, आजपासून थेंब सुरू केले तर.” मग कागदाची घडी घातली. “अशा माणसाला आपण गाडी चालवू नका म्हणून सांगतो.”

“काका, तुम्ही कुठे गाडी चालवता?” मॅडमनी विचारलं.

“मी नाही.”

आणि मग आम्हां तिघांनाही एकदमच तो मिशीवाला ड्रायव्हर आठवला.

एकट्या अभ्यासातच साठ-सत्तर लोक होते. सगळ्यांना परत बोलवावं लागणार होतं, सगळ्यांना सांगावं लागणार होतं की तुम्हाला दिलेल्या चांगल्या बातमीवर विसंबू नका. पण भावजींनी यादी ओढून घेतली आणि बोट थेट त्याच्या नावावर ठेवलं. मॅडमनी फोन लावला. घंटा वाजू लागली. एक, दोन, तीन.

भिंतीवर घड्याळात साडेचार झाले होते.

“ठेवा,” भावजी म्हणाले. “ठेवा तो फोन!”

“का?”

“शाळा सुटलीय. गाडीवर असेल. उचलेल तो.”

मॅडमनी फोन असा ठेवला जणू हाताला चटका बसला. शाळेचा फोन लागेना. बस शेवटची मुलं सोडून मैदानामागच्या गल्लीत उभी राहते, हे त्यानेच कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. तिथून विभाग दहा मिनिटांवर. पाच वाजता येते म्हणाला होता.

“चल,” भावजी मला म्हणाले.

जिन्यात मी त्यांच्या डाव्या बाजूला आलो. ते दोन पायऱ्या उतरून थांबले. “उजवीकडून ये. डावीकडून तू मला दिसत नाहीस.” हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. मी त्यांचं कोपर धरलं. रस्ता ओलांडताना ते मान पूर्ण वळवून डावीकडे बघत होते, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. कालपर्यंत हाच माणूस हा रस्ता बेधडक ओलांडत होता, रोज, एकटा.

“ताईला काय सांगायचं?” मी विचारलं.

“मी सांगेन. तू विनोद करशील.”

गल्लीच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो. पाच वाजले. पाच वाजून सात मिनिटं. बस नव्हती. भावजी घड्याळ बघत होते, मी रस्ता. कोपऱ्यावरचा दुकानदार खुर्ची उचलून आत घेत होता, दोन मुली दोरीच्या उड्या मारत होत्या, अगदी रस्त्याच्या कडेला. त्या कडेला आहेत याकडे एरवी माझं लक्षही गेलं नसतं. पाच वाजून बारा. भावजींचा हात माझ्या हातात जड होता.

मग पिवळी बस वळणावर दिसली. मला दिसली. भावजी अजून दुसरीकडे बघत होते.

“आली,” मी म्हणालो.

“कुठे?”

मी त्यांना वळवलं. बस हळू येत होती, जरा जास्तच कडेने. उड्या मारणाऱ्या मुलींना मी हाताने मागे ओढलं, त्यांतली एक माझ्यावर ओरडली. बस त्यांच्या जागेवरून गेली. वाटेत पडलेली दोरी चाकाखाली आली. पुढे जाऊन ती नेहमीच्या जागी, भिंतीला लागून, नीट उभी राहिली. आत कोणी नव्हतं, सगळी मुलं उतरली होती. खिडकीतून मिशा बाहेर आल्या, हसू गडगडलं.

“अरे नॉर्मलसाहेब! आज इकडे कुठे? आणि पाहुणे पण!”

भावजी चालत खिडकीखाली गेले. वर बघायला त्यांना मान फार मागे टाकावी लागली.

“आधी किल्ली काढा,” ते म्हणाले.

“काय झालं?”

“किल्ली काढा आणि माझ्या हातात द्या. मग सांगतो.”

बसचं इंजिन अजून चालूच होतं. ड्रायव्हरने हसत हसत एकदा माझ्याकडे पाहिलं, मी विनोद केलाय का ते बघायला. मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. इंजिन बंद झालं, आणि वरून किल्ली खाली आली. भावजींनी हात पुढे केला, तो जरा चुकला, आणि मग बरोबर जागी गेला.